कांजिण्यांची सुट्टी

आमची फारकत झाली ती माघात. सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. मी कशेळ्याच्या शाळेत शिक्षिका होते. मुलांचे वडील खोपोलीजवळच्या एका कागदाच्या गिरणीत फिटर होते आणि कुंभिवलीत आपल्या आईजवळ राहत होते. थोरला मुलगा आठ वर्षांचा, धाकटी मुलगी पाच संपून सहाव्यात.

लोक अजून विचारतात, नेमकं झालं काय? दारू नव्हती, मारहाण नव्हती, दुसरी बाई नव्हती. माझी बदली कशेळ्याला झाली तेव्हा ते म्हणाले, नोकरी सोड. मी म्हटलं, तुम्ही गिरणी सोडा. दोघंही आपापल्या जागी असे रुतून बसलो की तीन वर्षांत एकमेकांशी बोलायचंच विसरलो. दर रविवारी ते कशेळ्याला यायचे, मुलांना खाऊ आणायचे, खाली मान घालून जेवायचे आणि शेवटच्या गाडीने परत जायचे. एका रविवारी आले नाहीत. पुढच्याही नाही. मग समाजाची बैठक बसली.

बैठकीत एक म्हातारे होते. दोन्हीकडचे लोक तावातावाने बोलत असताना ते काठीवर हनुवटी टेकून ऐकत होते. मुलांचा विषय निघाला आणि कुणीतरी म्हणालं, मुलगा बापाकडे, मुलगी आईकडे. तेव्हा ते पहिल्यांदा बोलले. "पोरं म्हंजी भांडी नायत, तुला तांब्या नि मला ताट म्हनायला. दोगं एकत्र र्‍हातील. शाळा आईकडं, मे म्हैना बापाकडं." ते कागदावर लिहिलं गेलं, आम्ही दोघांनी सह्या केल्या. माघातल्या त्या थंडीत मला मे महिना फार लांबचा वाटला होता.

तो आलाच. शाळेचा निकाल लागला आणि मी मुलांना घेऊन कशेळ्याहून कर्जतला आले. खोपोलीला जाणारी शटल फलाटावर उभीच होती. ते आधीच येऊन थांबले होते, इस्त्रीचा सदरा घालून, एखाद्या लग्नाला निघाल्यासारखे. मी मुलांची पिशवी दिली आणि वर एक कागद दिला. पाठपोट लिहिलेला. धाकटीला सुकट तिखट लागते, धुऊन द्यावी. तिची वेणी घट्ट घालू नये, डोकं दुखतं. थोरला दूध पीत नाही, त्यात गूळ घालावा. थोरला झोपेत बोलतो, घाबरू नये. असं बरंच. त्यांनी तो तिथेच उभ्या उभ्या वाचला, दोन्ही बाजू वाचल्या.

"मी पण बापच आहे त्यांचा," ते म्हणाले. रागाने नाही. पण म्हणाले. आणि कागदाची घडी करून खिशात ठेवली.

मुलं खिडकीच्या जागेवरून भांडण्यात गुंग होती. गाडी हलली तेव्हा धाकटीने हात केला, तोही मला होता की फलाटावरच्या कुत्र्याला, नक्की सांगता येणार नाही. मी स्टँडवर आले आणि तहान नसताना उसाच्या रसाचे दोन ग्लास प्यायले.

पुढचे नऊ दिवस मी कशेळ्याच्या त्या दोन खोल्या इतक्या घासल्या की घरमालकीण विचारायला आली, कोण पाहुणे येणार आहेत का. बाजारच्या दिवशी सवयीने तिघांची भाजी आणली आणि तीच तीन दिवस खाल्ली. कोंडाण्याला माहेरी जायचं तर भाऊ नीट बोलत नव्हता. त्याचं मत, बहिणीने नांदायला हवं होतं. थोडक्यात, महिनाभर काय करायचं असतं हे मला ठाऊक नव्हतं.

दहाव्या दिवशी दुपारी कर्जत गाडीचा कंडक्टर माझ्या दारात आला. गाडी स्टँडवर उभी ठेवून आला होता. "बाई, चिठ्ठी हाय. कर्जतला एका मानसानं दिली. अर्जंट म्हनला."

अक्षर ओळखीचं होतं. 'थोरल्याला कांजिण्या आल्या आहेत. ताप उतरतो आहे. घाबरू नये. तो तुला विचारतो. यायचं तर ये.'

कांजिण्या जिवावरच्या नसतात, हे मी वर्गात मुलांना शिकवत होते. मला धडकी भरली ती शेवटच्या तीन शब्दांची. यायचं तर ये. सहीसुद्धा नव्हती. सोडलेल्या नवऱ्याच्या घरी बाईने जायचं म्हणजे कोण म्हणून जायचं? पाहुणी म्हणून? मास्तरीण म्हणून? कंडक्टर दारातच उभा होता. "गाडी सुटाया धा मिन्टं हायत," म्हणाला. मी पिशवीत दोन लुगडी कोंबली, कपाटातला तापाचा काटा घेतला आणि त्याच्याच मागे निघाले. भावाला कळवलं नाही.

कर्जतहून शटल. पळसदरी, केळवली, एकेक स्टेशन येत होतं आणि मी दारात उभी राहून मनातल्या मनात पहिलं वाक्य जुळवत होते. सासूला मी लग्नापासून 'आत्या' म्हणत आले होते. आता काय म्हणायचं? खोपोलीला उतरून एसटी धरली, कुंभिवलीच्या फाट्यावर उतरले, हमरस्त्यावरून ट्रक जात होते त्यांच्या धुळीतून बौद्धवाडीकडे वळले. अजून वाक्य जुळलं नव्हतं.

ते वाक्य लागलंच नाही. म्हातारी अंगणात लिंबाच्या डहाळ्या निवडत बसली होती. तिने मान वर केली, मला पाहिलं आणि जणू मी विहिरीवरून यावं तसं म्हणाली, "आलीस? हातपाय धू आदी. पोरगा सकाळधरनं तुज्या नावानं कोकलतोय."

"हो आत्या," मी म्हटलं.

आत थोरला लिंबाच्या पाल्यावर उघडा पडला होता, अंगभर पाणीदार फोड, आणि चेहरा विलक्षण खूश. आजारपणाचा एवढा थाट त्याने कधी भोगला नव्हता. आजी वारा घालत होती, बाप गिरणीतून आला की गोष्ट सांगत होता, धाकटी हुकूम झेलत होती. मला पाहिल्यावर मात्र त्याने दोन्ही हात वर केले आणि जोरात भोकाड पसरलं. बहुधा इतका वेळ राखूनच ठेवलं असावं.

संध्याकाळी मुलांचे बाबा कामावरून आले. सायकल भिंतीला लावताना त्यांनी दारातल्या माझ्या चपला पाहिल्या आणि उंबऱ्याबाहेरच थांबले. मग त्यांनी आत जाऊन आपली वळकटी उचलली आणि म्हणाले, "आये, मी विहाराच्या ओट्यावर झोपेन." एवढं सोपं. मी गाडीत तासभर ज्याची काळजी केली, ते एका वळकटीने सुटलं.

वाडीत कुजबुज झालीच. दुसऱ्या दिवशी शेजारीण आली, दारातूनच विचारलं, "काय गं, सून परत नांदाया आली व्हय?"

म्हातारीने डहाळीचा पाला ओरबाडता ओरबाडता उत्तर दिलं. "पोरासाठी आलीय. तुज्या पोराला आल्या का सांग, तुज्याकडं पन पाठवते."

ही माझी सासू रोज सकाळी करवंदं-जांभळांची पाटी घेऊन हमरस्त्यावर बसायची. घाटावर जाणारे ट्रकवाले, मोटारवाले थांबून द्रोण घ्यायचे. घरात कांजिण्या आल्या त्या दिवशी तिने पाटी पालथी घातली. "माज्या हातनं कुनाच्या पोराला जायाला नको," म्हणाली. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं.

पण फोडणीवरून आमचं वाजलं. घरात कांजिण्या म्हणजे तव्याचा चर्र आवाज नाही, तेल नाही, सुकट नाही, लसणीचा वास नाही. भात आणि उकडलेले वाल. मी म्हटलं, "आत्या, आपण दीक्षा घेतली ना? मग आता देवी कसली नि हे सगळं कशाला?"

"देवी गेली," ती म्हणाली. "लिंब कुटं गेला? लिंब देवाचा नाय, झाडाचा हाय."

"बरं, लिंब राहू दे. आणि फोडणी?"

तिने हातातली डहाळी झटकली. "फोडनीनं पोराला ठसका लागतो."

मी सात वर्षं दुसऱ्यांना शिकवत आले होते. पाट ओढून बसले. उकडलेले वाल खाल्ले.

शेजारणीच्या मुलाला चौथ्या दिवशी आल्या. मग समोरच्या घरात दोघांना. मग पलीकडे. आठवडाभरात वाडीतली अकरा मुलं फोडांनी भरली. म्हातारीने आपला शब्द पाळला आणि मला खरोखरच सगळीकडे पाठवलं. मी तापाचा काटा घेऊन घरोघर फिरले. नखं कापली. खालापूरच्या दवाखान्यातून मुलांचे बाबा सायकलवरून गुलाबी औषधाच्या बाटल्या घेऊन आले, ते कसं लावायचं हे मी प्रत्येकाला दाखवलं. ताप उतरलेल्या मुलांचं काय करायचं, हा मोठाच प्रश्न होता. ती आयांना घरात टेकू देत नव्हती आणि खाजवून खाजवून रक्त काढत होती. म्हणून मी त्यांना आमच्या अंगणातल्या मांडवाखाली गोळा केलं. हात गुंतलेले राहिले पाहिजेत एवढाच हेतू होता. कुणाकडे पाटी होती, कुणाकडे नव्हती. मी म्हटलं, एकमेकांचे फोड मोजा. हात लावायचा नाही, नुसते डोळ्यांनी मोजायचे आणि बेरीज जमिनीवर कोळशाने लिहायची.

इतकं गणित मी आयुष्यात कधी शिकवलं नाही. उजव्या हाताचे सतरा, डाव्याचे बावीस, पाठीचे चाळीस, किती झाले? ज्या मुलाला हातचा घेता येत नव्हता तो दोन दिवसांत हातचा घ्यायला लागला, कारण त्याला शेजारच्याला हरवायचं होतं. धाकटीला तोवर काहीच आलं नव्हतं. तिला आम्ही लांब बसवलं होतं. ती ओरडून ओरडून सगळ्यांच्या बेरजा तपासायची आणि अधूनमधून आपला फ्रॉक वर करून पोट बघायची, एखादा आलाय का.

मुलांचे बाबा दुपारपाळी असली की सकाळी मांडवाच्या खांबाला टेकून हा प्रकार बघत उभे राहायचे. लग्नाच्या दहा वर्षांत त्यांनी मला शिकवताना कधी पाहिलंच नव्हतं. एकदा वाडीतलं एक पोरगं ओरडलं, "बाई, बाई, हा फोड फोडतोय!" आणि मागून ते म्हणाले, "बाई, त्याला अंगठे धरायला लावा." मी वळून पाहिलं. ते गंभीर चेहऱ्याने खांबाला टेकून उभे. त्या दिवसापासून ते मला 'बाई'च म्हणायला लागले. आमची मोठी अडचण दूर झाली. तोवर त्यांना मला हाक मारता येत नव्हती आणि मला त्यांना. मी तर 'तुझ्या बाबांना सांग' असंच मुलांकरवी बोलत होते, ते समोर असले तरी.

थोरल्याच्या खपल्या धरल्या. मी परतीचा दिवस ठरवला. मे महिना त्यांचा होता, पण धाकटीला पुढेमागे येणारच, तेव्हा तिला मी घेऊन जाते, असं मी सांगितलं आणि ते कबूल झाले. पिशव्या भरून ठेवल्या.

निघायच्या आदल्या सकाळी धाकटी उठली आणि आनंदाने किंचाळली. "आला! आई, आला!" तिच्या पोटावर तीन फोड होते, कानामागे एक. ती वाडीभर दाखवून आली तेव्हा कुठे मला ती सापडली.

त्याच सकाळी तिचे बाबा कामावर गेले ते तासाभरात परत आले. गिरणीच्या दारावरच्या माणसाने त्यांचा चेहरा निरखून पाहिला होता आणि सायकल वळवायला लावली होती. कपाळावर दोन, गळ्यावर चार.

"ह्या! कशाचं काय," म्हातारी म्हणाली. "तुला ल्हानपनी येऊन गेल्यात."

"कधी आये?"

"तू आसशील चार वरसाचा. भादवा व्हता. मी तुला मांडीवर..." ती थांबली. तिचा हात तोंडावर गेला. "आगं बया. ती तर तुजी भैन व्हती!"

मी हसायला नको होतं. चौतीस वर्षांचा माणूस तापाने लाल झालेला समोर उभा होता. पण मी भिंतीला टेकून हसले, म्हातारी हसली, आणि ते अंगणात उभे राहून आमच्याकडे पाहत होते, की या दोघी कधीपासून एका बाजूला झाल्या.

मुलांच्या अंगावर कांजिण्या हलक्या जातात, मोठ्या माणसाला लोळवतात. तीन दिवस त्यांना ताप चढत राहिला. विहाराच्या ओट्यावर आजारी माणसाला कसं ठेवायचं? त्यांना पडवीत आणलं. एका टोकाला ते, एका टोकाला धाकटी, मध्ये मी आणि लिंबाची डहाळी. चौथ्या दिवशी ताप उतरला आणि खाज सुटली. हा गिरणीतला धडधाकट फिटर खांबाला पाठ घासताना मला दिसला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अहो! खाजवू नका!"

सहा महिन्यांत मी त्यांना अशी हाक मारली नव्हती. थोरल्याने माझ्याकडे पाहिलं, मग बापाकडे. ते खांबापासून निमूटपणे बाजूला झाले. "नाही खाजवत, बाई," म्हणाले. पहिली हसली ती धाकटी.

पाठीला औषध लावायचं काम थोरल्याने घेतलं. कापसाचा बोळा, गुलाबी ठिपका, आणि प्रत्येक ठिपक्याला आकडा. "एकशे सदतीस, बाबा! कमरेखालचे धरले नाहीत." धाकटीचे बेचाळीस होते. बाबांना जास्त आणि मला कमी, म्हणून ती रडत बसली. शेवटी तिच्या बाबांनी आपले पन्नास तिला देऊन टाकले तेव्हा ती गप्प झाली.

एका दुपारी मुलं झोपली होती. म्हातारी परसात वाल निवडत होती. ते पडवीत बसले होते, मी धाकटीचे कपडे उकळत्या पाण्यात टाकून नुकती येऊन टेकले होते. त्यांनी सदऱ्याच्या खिशातून एक कागद काढला. माझाच, फलाटावर दिलेला. घड्यांवर फाटायला आला होता.

"यात तू लिहिलंयस, थोरला झोपेत बोलतो," ते म्हणाले. "काय बोलतो ते नाही लिहिलंस."

"नीट कळत नाही कधी. काहीतरी पुटपुटतो."

"मला कळलं. इथे तो माझ्याजवळ झोपायचा ना. म्हणतो, 'बाबा, गाडी सुटेल.' दर दोन दिवसांनी तेच. बाबा, गाडी सुटेल."

तीन वर्षांचे रविवार माझ्या डोळ्यांपुढून गेले. खाली मान घालून जेवणारे हे, भिंतीकडे तोंड करून भांडी विसळणारी मी, आणि दारात उभं राहून स्टँडकडे कान देणारा तो एवढासा पोरगा. त्याला वाटत असे, गाडी चुकली तर भांडण होईल. आम्हा दोघांना कधी लक्षातच आलं नव्हतं.

मला रडू आलं. त्यांनी तोंड फिरवलं. मग कागदाची घडी घालत ते म्हणाले, "नोकरी सोड म्हणालो ती माझी चूक झाली. तू शिकवताना मी पाहिलं."

"मी पण कधी विचारलं नाही, तुम्ही आईला सोडून का येत नाही ते. मला ते आता इथे राहून कळतंय."

"नवरा-बायको म्हणून आपलं नाही जमलं."

"नाही जमलं."

"पण हे जमवू. या दोघांचं."

"जमवू," मी म्हटलं. "आणि तो मे महिना मला शिक्षाच वाटला होता."

ते हसले. "मला बाकीचे अकरा महिने वाटतात."

तिथेच आम्ही दोघांनी ठरवलं, बैठक नाही, पंच नाहीत. त्यांनी यायचं तर रविवारी सकाळी यायचं, मुलांना घेऊन हुंदडायचं, जेवताना बोलायचं, आणि मुक्काम करायचा असेल तर शाळेच्या शिपायाच्या घरी सोय होती. कुणी आजारी पडलं तर दुसऱ्याने विचारत न बसता निघून यायचं. म्हातारी परसातून सगळं ऐकत होती. ती आली, माझ्यासमोर उकिडवी बसली. "र्‍हातेस का मग हितंच?" तिने सरळच विचारलं.

"नाही आत्या."

ती गुडघ्यावर हात टेकून उठली. "बरं," म्हणाली. "पर येत र्‍हा."

धाकटीला सांगणं जास्त अवघड गेलं. तिने विचारलं, आता आई इथंच राहणार का. मी खरं ते सांगितलं, की नाही, पण तुम्ही आजारी पडलात की मी येणार. तिने बराच विचार केला आणि म्हणाली, "मग दर मेमध्ये मी पडेन." तिला समजावताना माझ्या आणि तिच्या बाबांच्या नाकीनऊ आले. शेवटी कबूल करावं लागलं, की आजारी न पडतासुद्धा सुट्टीचे शेवटचे चार दिवस आई येईल.

जूनच्या सुरुवातीला आंघोळीचा दिवस आला. सगळ्या वाडीने एकच दिवस धरला. तीन चुलींवर लिंबाच्या पाल्याचं पाणी तापलं आणि आमच्या अंगणात रांग लागली. म्हातारी लुगडं खोचून दगडावर उभी, हातात तांब्या. एकेक पोर पुढे येई, ती पाणी ओतून पाठीवर चापट मारी आणि पुढे ढकली. अकरा झाली, आमची दोन झाली. मग ती ओरडली, "आता ह्यो!"

"आये, मी आत करतो," ते म्हणाले.

"पोरांबरोबर आल्या ना तुला? मंग पोरांबरोबर न्हा!"

ते लुंगी गुंडाळून येऊन दगडावर बसले. आईने चौतीस वर्षांच्या मुलाच्या डोक्यावर तांब्या ओतला. पोरं नाचायला लागली, "बाबा न्हातात, बाबा न्हातात," आणि थोरल्याने दुसरा तांब्या उचलून मागून ओतला. धाकटीला तो उचलेना म्हणून मी तिच्याबरोबर धरला. मग कुणी कुणावर पाणी टाकलं ते सांगता येत नाही. शेजारीण भिजली, म्हातारी भिजली, माझं चांगलं लुगडं भिजलं. ते दोन्ही हातांनी डोळे पुसत हसत होते. लग्नाच्या सुरुवातीच्या दिवसांनंतर त्यांचं ते हसणं मी पहिल्यांदा ऐकलं आणि मला बरं वाटलं. हळहळ नाही वाटली. याचं मला स्वतःलाच नवल वाटलं.

त्या दुपारी महिन्याभरात पहिल्यांदा चुलीवर तेल तापलं. लसूण पडली आणि वाडीतली सगळी घरं एकाच वेळी शिंकली. सुकटीबरोबर तांदळाच्या भाकऱ्या किती झाल्या, ते भाजणाऱ्या आम्हा दोघींनाही कळलं नाही.

पुढे काय झालं तेही सांगते. चारेक वर्षांनी त्यांनी दुसरं लग्न केलं. आधी मला येऊन सांगितलं, मग मुलांना आम्ही दोघांनी मिळून सांगितलं. ती बाई मोकळी होती. माझ्या मुलांना तिने सावत्र मानलं नाही आणि त्यांच्या मेच्या शेवटच्या चार दिवसांत माझं अंथरूण तीच घालायची. मी लग्न केलं नाही. सवडच झाली नाही म्हणायला हरकत नाही.

पण त्याच्याआधीचा, कांजिण्यांनंतरचा पहिलाच उन्हाळा मला फार आवडतो. त्यांनी पत्र लिहिलं होतं, की यंदा मुलांना घ्यायला कर्जतला न येता कोंडाण्याला येतो, मुलांना लेणी दाखवू. लेणी माझ्या माहेरच्या गावावरची, म्हणून मी मुलांना घेऊन आदल्या दिवशीच तिथे गेले. माझा भाऊ अजून फुरंगटलेलाच होता. ते सकाळी चालत गावात आले तेव्हा तो ओट्यावर कोयत्याला धार लावत बसला होता. उठला नाही. त्यांनी नमस्कार केला, त्यालाही नुसती मान हलवली.

"लेण्याची वाट कुठून आहे?" त्यांनी विचारलं.

"चुकाल," भाऊ म्हणाला. एवढंच. आणि कोयता कमरेला अडकवून पुढे चालू लागला.

वाट चढणीची होती. मुलं माझ्या भावाच्या मागे उड्या मारत होती. सायकलवर पाय पक्के झालेल्या फिटरची चढणीवर मात्र दमछाक झाली. दर वळणावर ते झाडं बघायला थांबत. भावाने दोनदा मागे वळून पाहिलं. तिसऱ्या वेळी तो थांबला, पाण्याचा भोपळा काढला आणि त्यांच्यापुढे धरला. "प्या. पुढं लय चढ हाय."

लेण्यात पोचलो तेव्हा उन्हाने सगळे लाल झालो होतो. आत गारवा होता. दगडी खांब, वर कोरलेल्या कमानी, आणि समोर तो स्तूप. आम्ही हात जोडले. मग धाकटी गार फरशीवर सरळ आडवी झाली, तिच्या शेजारी थोरला, आणि दोघांनी हाका मारायला सुरुवात केली. आधी स्वतःची नावं. मग आजीचं, मग कुंभिवलीतल्या त्या अकरा पोरांची, एकेक करून. प्रत्येक नाव घुमून परत येत होतं. भाऊ खांबाला टेकून करवंदं निवडत होता, पिकलेली मुलांसाठी, कच्ची स्वतःला. त्याने ओंजळभर पिकलेली त्यांच्याही हातावर ठेवली.

"तुमच्या गिरणीत कागद कशाचा करतात वो?" त्याने विचारलं.

ते त्याला बांबूचा लगदा कसा करतात ते सांगू लागले, हातवारे करून, तोंडात करवंद ठेवून. बराच वेळ सांगत होते. मी पाय पसरले आणि ऐकत बसले.